चार नंबरचा रकाना

खांब फुटबॉल खेळायचा थांबला तर सगळ्यांत जास्त फायदा कुणाचा, हे त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या बायकोने, धाकटीने, मात्र मोजून ठेवलं होतं. वर्षाचे चाळीस रविवार. दर आठवड्याला दोन बादल्या चिखलाचे कपडे. फ्रीजचा वरचा कप्पा, ज्यात चौदा वर्षं बर्फाच्या पिशव्यांशिवाय दुसरं काही राहिलं नव्हतं. आणि नवऱ्याचा उजवा गुडघा, म्हणजे त्यातलं जे काय उरलं होतं ते. डॉक्टर स्वच्छ बोलले होते, आणखी एकदा फाटला की जिन्याचं नाव काढायचं नाही. ही मंडळी राहायची तिसऱ्या मजल्यावर.

धाकटी दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसून पेशंटांच्या वेळा लिहायची. दिवसातून दोनदा दात घासतो, असं डोळ्यांत डोळे घालून सांगणारी माणसं तिने बारा वर्षं पाहिली होती. त्यामुळे सव्वा महिन्यापूर्वी खांबाने मैदानावर भाषण केलं, रुमालाने डोळे पुसले आणि 'आता बास' म्हणाला, तेव्हा सगळ्यांत कमी टाळ्या तिने वाजवल्या होत्या. तिचं बरोबरच निघालं. आठवडा व्हायच्या आत क्लबचा कोच भांडून निघून गेला आणि सेक्रेटरीने खांबाला तिथे उभं केलं. तात्पुरतं. उरलेल्या पाच सामन्यांत संघ गटात टिकला तर तीन वर्षांची नेमणूक. संघ खाली गेला तर नमस्कार.

चार सामने झाले होते. आज पाचवा, आणि बरोबरी पुरेशी होती. हरले तर काय, हेही धाकटीला पाठ होतं. नदीपलीकडच्या छोट्या क्लबचा माणूस दोनदा घरी येऊन गेला होता : आमच्याकडे खेळाडू म्हणून या, अजून दोन वर्षं सहज खेचाल. खांबाने त्याला 'बघू' असं उत्तर दिलं होतं. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या बाईला 'बघू'चा अर्थ कोणी सांगायला नको.

तर आज बरोबरी हवीच होती. आणि नेमकं आज दुपारी जेवायला सगळे दादाकडे.

दादा म्हणजे खांबाचा थोरला भाऊ, चष्म्यांचं दुकान चालवणारा. समोरच्याच्या नाकावर आपला चष्मा नीट बसलाय का हे बघितल्याशिवाय तो बोलायला सुरुवात करत नसे. त्याच्या शेजारी थोरली, म्हणजे धाकटीची जाऊ. टेबलाच्या टोकाला आप्पा, दोघा भावांचे वडील. आप्पांनी उमेदीत बत्तीस वर्षं शनिवार-रविवार लाइन्समनचा झेंडा धरला होता आणि ती सवय अजून हातात होती. कुणी मध्येच बोललं की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा. आणि खिडकीजवळ, मोबाइलमध्ये डोकं घालून, पतंग.

पतंग हा दादाचा मुलगा, बावीस वर्षांचा, काकाच्याच संघात राइट बॅक. नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. चेंडू मिळाला की हा वर वर वर जायचा, आणि परत खाली यायचं काम वाऱ्यावर सोडायचा. मागच्या सामन्यात दोन्ही गोल त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेतून झाले होते. आज मोठ्या क्लबचा माणूस त्यालाच बघायला येणार होता, आणि काका त्याला बाकावर बसवणार होता. खांब यातलं अक्षरही बोलला नव्हता, पण बटाट्याची भाजी त्याने पुतण्याच्या डोक्यावरून दादाकडे मागितली होती, तेवढ्यात सगळं घर समजलं.

"मला एकच सांग," दादा म्हणाला, "त्याच्या जागी कोण?"

"पोस्टमन," खांब म्हणाला. हा एक उंच, अबोल गडी होता, आठवडाभर खरोखरच टपाल वाटायचा.

"पोस्टमन!" दादाने चष्मा काढला. "अरे, तो पळतो की पत्ता शोधतो?"

"परत येतो."

"काय?"

"पुढे गेला की परत येतो."

"पोस्टमनच तो, येणारच परत," आप्पा म्हणाले. "पण मी काय म्हणतो..."

"आप्पा, थांबा जरा." दादा भावाकडे वळला. "एकुलता एक पुतण्या आहे तुझा. त्या माणसाला इथे आणायला मी किती चष्मे..." दादा थांबला. कोणाकोणाला चष्मे फुकट करून दिले, हे थोरलीपुढे बोलायचं नव्हतं.

"दादा, मी बघतो."

"काय बघतोस? दोन तासांत सामना आहे!"

"दोन तास वीस मिनिटं," खिडकीतून पतंग म्हणाला. त्या दिवशी जेवणावर तो बोललेलं वाक्य ते तेवढंच.

धाकटी गप्प होती, कारण सकाळी तिचं आणि खांबाचं ठरलं होतं. पोराला बाकावर ठेव, बरोबरी कर, नेमणूक घे, मग पुढच्या वर्षी त्याला हवं तेवढं उडू दे. सकाळीच तिने यादी लिहूनही टाकली होती. खांबाच्या संघाची यादी अकरा वर्षं तीच लिहीत आली होती. खांब कप्तान झाला त्या वर्षी त्याने स्वतः लिहिलेली पहिली यादी सामना-अधिकाऱ्याने परत पाठवली होती, हे हस्ताक्षर आहे की कोंबडीने पाय पुसलेत असा निरोप देऊन. तेव्हापासून तो सांगे, ती लिही, तो न वाचता सही करी. क्लबमध्ये कुणाला हे ठाऊक नव्हतं आणि घरात कुणाला यात विशेष काही वाटत नव्हतं.

भांडी उचलायच्या निमित्ताने थोरलीने तिला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं.

"तुझी पोरगी रविवारी कुठे असते गं?"

"तुमच्याकडे."

"किती वर्षं?"

"वहिनी..."

"किती?"

"नऊ."

"मी कधी काही म्हणाले?"

"नाही."

"ताप असताना, कांजिण्या असताना, माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा. कधी?"

"नाही हो वहिनी, कधीच नाही."

"मग आज म्हणते." थोरलीने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात हळू बोलली. "तो माणूस परत येणार नाही. हे पोर बोलत नाही, पण दोन रात्री झोपलं नाही. तू सांगितलंस तर भाऊजी ऐकतील. माझं कोण ऐकतं या घरात? तूच ना?"

आणि ते खरं होतं, हीच अडचण. त्या घरात सासरे हात वर करायचे, दीर चष्मा काढायचा, नवरा 'बघू' म्हणायचा. पूर्ण वाक्यात बोलणाऱ्या दोघीच होत्या, आणि चौदा वर्षं त्या एकमेकींशीच बोलत आल्या होत्या.

धाकटी हात पुसत गॅलरीत गेली. खांब तिथे चपलांच्या स्टँडशेजारी उभा राहून गुडघा चोळत होता.

"त्याला घे," ती म्हणाली.

"सकाळी तू म्हणालीस, नको."

"सकाळी मी वहिनींना भेटले नव्हते."

"तो परत येत नाही मागे."

"मग सांग ना त्याला! कोच आहेस ना? सांगितलंस कधी?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस? शब्द सांग."

खांबाने आठवून बघितलं. "म्हटलं, बघ जरा."

"बघ जरा! आणि त्याने काय समजायचं त्यातून? चौदा वर्षं मी तुझ्या 'जरा'चे अर्थ लावतेय, तो बावीस वर्षांचा पोरगा काय लावणार? त्याला समोर बसव आणि सांग, अर्ध्या रेषेच्या पुढे पाऊल टाकलंस तर काढून टाकीन. इतकं सोपं आहे."

"पोस्टमनला सांगावं लागत नाही."

"पोस्टमनच्या आईने माझी पोरगी सांभाळली नाही!"

खांबाने गुडघ्यावरचा हात काढला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. दुसऱ्याने सोडलेली जागा दिसली की तिथे जाऊन उभं राहायचं आणि येईल ते अंगावर घ्यायचं. मैदानावर लोक त्याला त्यासाठी खांब म्हणायचे. घरात त्यालाच स्वभाव म्हणायचे.

"नवा कागद घे," तो शेवटी म्हणाला. "खाडाखोड चालत नाही. सकाळचीच यादी उतरव. फक्त चार आणि बारा उलट कर. चारला पतंग, बाराला पोस्टमन."

चार ही राइट बॅकची ओळ, बारा ही बदली खेळाडूंची पहिली. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तिला कळलं होतं. टेबल पुसून ती लिहायला बसली आणि घर तिच्याभोवती जमलं. थोरलीने बातमी कानोकानी पोचवली होती, त्यामुळे वातावरण एकदम सैल झालं होतं. दादाने तिला स्वतःचं पेन दिलं. आप्पांनी खुर्ची शेजारी ओढली.

"सूनबाई, मला एक कळत नाही. पाच जणांची बैठक बसली, माझं मत कुणी विचारलं?"

"विचारते ना आप्पा, सांगा." ती दोन नंबर लिहीत होती.

"आता काय सांगू? निर्णय झाल्यावर?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"बोलू दिलंत कुठे! मी हात वर केला होता."

"हात वर केला की काय समजायचं, आप्पा? ऑफसाइड?"

दादा हसला, थोरली हसली, तिने जाता जाता धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरासा दाबला. धाकटीला बरं वाटलं. आप्पांचं चालूच होतं, तिचं उत्तर देणं चालू होतं, पेन चालू होतं. अठरा ओळी झाल्या. खांबाने नेहमीसारखी खाली सही ठोकली.

"हे घे," त्याने कागद पतंगकडे दिला. "तू स्कूटरवर पुढे जा. अडीचच्या आत अधिकाऱ्याच्या खिडकीत दे. मी आप्पांना घेऊन येतो."

त्याला समोर बसवून जे सांगायचं होतं, ते सांगायचं राहून गेलं.

*

मैदानाच्या लाकडी बाकांवर धाकटी आणि थोरली शेजारी बसल्या होत्या, मध्ये थर्मास. दोन ओळी खाली राखाडी कोटातला एक माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता. दादाने त्याला बघून मान लववली होती, त्याने लववली नव्हती. भोंगा खरखरला आणि नावं सुरू झाली. एक. दोन. तीन. चार.

भोंग्यातून तिच्या नवऱ्याचं नाव आलं.

बाकांवरून एकदम गलका उठला. लोक उभे राहिले. "खांब! अरे, खांब परत आला!" टाळ्या, शिट्ट्या. धाकटीच्या डोळ्यांपुढे कागद आला, दादाच्या पेनाची निळी शाई, आणि चौथ्या ओळीत तिचंच वळणदार अक्षर. अकरा वर्षं त्या रकान्यात तिने दुसरं नाव लिहिलंच नव्हतं. गेले चार रविवार पतंगचं आणि आज सकाळी पोस्टमनचं लिहिलं तेवढंच, आणि तेव्हा घरात शांतता होती. दुपारी तोंड आप्पांशी बोलत होतं आणि हात त्याला माहीत होतं ते लिहून मोकळा झाला होता. बारावर पतंग होता तसाच उतरला होता. पोस्टमन तर यादीतच नव्हता. पलीकडच्या बाकावर तो साध्या कपड्यांत येऊन बसला होता, कसलीही तक्रार न करता.

"चांगलं जमवलंस हो," थोरली म्हणाली. थर्मासचं झाकण ती फिरवत राहिली.

"वहिनी, शप्पथ, माझ्या हातून..."

"मला नको सांगूस."

धाकटी पायऱ्या उतरून ड्रेसिंग रूमच्या दाराशी पोचली. दारावरच्या माणसाने अडवलं, तर "डॉक्टरांचा निरोप आहे" म्हणून ती आत घुसली, आणि तो सगळाच काही खोटा नव्हता.

खांब बाकावर बसून बुटाची नाडी आवळत होता. अंगात चार नंबर. समोर भिंतीला टेकून पतंग.

"माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "मी चुकून तुझं नाव लिहिलं. आत्ताच्या आत्ता सांग गुडघा दुखतोय म्हणून. मैदानाचे डॉक्टर सही देतील, पतंगला आत घेता येईल. गुडघा दुखतोय यात खोटं काय आहे?"

"आणि तुला क्लबने खेळाडूंच्या नोंदणीतून काढलं नाही का अजून?" तिने पुढे विचारलं. खरं तर हे तिने आधी विचारायला हवं होतं.

"सेक्रेटरी सोमवारी करतो म्हणाला होता."

"कुठल्या सोमवारी? पाच सोमवार झाले!" ती पुतण्याकडे वळली. "आणि तू? तू कागद नेलास. वाचला नाहीस?"

"वाचला की काकू. सिग्नलला."

"मग?"

"मला वाटलं, काकाने विचार बदलला."

"मग विचारायचं नाही? फोन आहे ना हातात? चोवीस तास असतो!"

पतंगने खांदे उडवले. "काकाने स्वतःचं नाव घातलं तर मी काय विचारायचं? मी आवडत नाही हे कळलं, झालं."

"अरे देवा," धाकटी म्हणाली. "अरे, काय माणसं आहात तुम्ही! एकाला सांगता येत नाही, दुसऱ्याला विचारता येत नाही!"

आणि तेवढ्यात तिचं लक्ष बुटांकडे गेलं. खांबाचे स्वतःचे बूट. तेल लावलेले.

"हे कुठून आले?"

"पिशवीत होते."

"कोचच्या पिशवीत बूट कशाला?"

"सवयीने टाकतो," खांब म्हणाला आणि पहिल्यांदा वर बघितलं. चेहऱ्यावर चिडल्याची एकही रेघ नव्हती. पोराला आई बाहेर खेळायला सोडते तेव्हा त्याचा जो चेहरा होतो, तो होता. हातातली चूक तिची होती, पण पिशवीतली त्याची होती, आणि ती पाचही रविवार घरातून निघत होती.

"डॉक्टरला बोलावू?" तिने विचारलं.

"बघू," खांब म्हणाला आणि उठून बोगद्याकडे चालू लागला.

*

पहिला अर्धा तास खांब छान खेळला, हे धाकटीने दात ओठ खात कबूल केलं. त्याला पळावं लागत नव्हतं. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच जाऊन उभा असायचा. हाफ टाइमला शून्य-शून्य. पण दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी एक ताजा विंगर आणला, शिंगरासारखा. त्याने खांबाला एकदा मागे टाकलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा खांबाने त्याचा शर्ट धरला आणि पिवळं कार्ड घेतलं. चौथ्या वेळी तो वळला तेव्हा उजवा पाय वळलाच नाही.

"काढा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. "कोच झोपला का?"

धाकटीने बाकाकडे पाहिलं. बाकावर बदली खेळाडू होते, पाण्याच्या बाटल्या होत्या, सेक्रेटरी होता. खांबाला बाहेर काढण्याचा अधिकार असलेला माणूस मैदानात होता आणि लंगडत होता. आयुष्यात त्याने कधी 'मला काढा' म्हटलं नव्हतं. कोच हात करायचा, तेव्हा शिव्या घालत बाहेर यायचा. आता हात करायला कुणी नव्हतं. ती उभी राहिली. काय ओरडणार होती कुणास ठाऊक. तिसरा मजला, जिने, डॉक्टर, सगळं एकदम तोंडात आलं.

पासष्टाव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला. खांब रेषेपाशी थांबला, कमरेवर हात. बाकाकडे बघितलं, खूप वेळ. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि दुसरं बोट पतंगकडे केलं.

रेषेवर दोघं समोरासमोर आले. खांब काहीतरी बोलला. वरून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ते एका शब्दाचं नव्हतं. चांगलं मोठं, हातवारे करून, अर्ध्या रेषेकडे दोनदा बोट दाखवून सांगितलेलं होतं. पतंगने मान हलवली.

"बघा वहिनी, आला," धाकटी म्हणाली. थोरली पुढे सरकून बसली. राखाडी कोटाने वहीचं नवं पान उघडलं.

पंचवीस मिनिटं पतंग खेळला, आणि अर्ध्या रेषेच्या पुढे एक पाऊल गेला नाही. समोर रिकामं कुरण पडलं होतं, दादा खालून "जा! अरे जा ना!" म्हणून घसा फोडत होता. पोरगा जागचा हलला नाही. शिंगराला त्याने तीनदा कोपऱ्यात नेऊन अडवलं, चेंडू घेतला, साध्यातल्या साध्या माणसाला दिला आणि परत येऊन उभा राहिला. बाकावर बसलेला खांब गुडघ्यावर बर्फ धरून त्याच्याकडेच बघत होता. ऐंशीव्या मिनिटाला राखाडी कोटातल्या माणसाने वही मिटली, घड्याळ बघितलं आणि गर्दी व्हायच्या आत बाहेर पडला. पान कोरं होतं, मिटायच्या आधी थोरलीने वाकून पाहिलं होतं.

शून्य-शून्य. संघ टिकला.

गाड्यांच्या तळावर अध्यक्ष खांबाचा हात हलवत "तीन वर्षं, तीन वर्षं" म्हणून गेले. आप्पा खूश होते, त्यांच्या मते दोन्ही बाजूंच्या लाइन्समनांनी उत्तम काम केलं होतं. दादा गाडीची काच पुसत होता, आतून, बाहेरून, पुन्हा आतून.

"काका," पतंग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी आहे?"

"आहेस. आजच्यासारखा खेळणार असशील तर पहिलं नाव तुझं."

"आजच्यासारखा खेळलो म्हणून तर तो उठून गेला."

"बघितलं मी," खांब म्हणाला.

"मग जाऊ द्यायचं ना मला एकदा पुढे. एकदाच."

"गोल झाला असता."

"कुणाचा?"

खांबाने पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. पतंगने ती मारू दिली आणि स्कूटरकडे गेला.

धाकटीने थोरलीला गाडीच्या दारापाशी गाठलं. "वहिनी, हात चुकला हो. इतक्या वर्षांची सवय. त्याने तुमच्या मुलाचंच नाव सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं."

"हात कुणाचा होता?" थोरलीने विचारलं. तिने आप्पांना आत बसवलं आणि दार लावता लावता म्हणाली, "तुम्ही बसने या. आज जागा होणार नाही."

मागच्या सीटवर आप्पा एकटेच होते.

बसच्या थांब्यावर खांब धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता. पायावर भार टाकत नव्हता, पण गुडघा फाटला नव्हता, ते तिने चाचपून पाहिलं होतं. संघ वाचला. नवऱ्याला नेमणूक मिळाली, पुन्हा खेळायचं कारण उरलं नाही, म्हणजे तिला हवं होतं ते अख्खं पदरात पडलं. त्यासाठी तिच्याकडून गेली ती थोरली, त्या घरात जिच्याशी बोलता यायचं ती एकच बाई. उरलेली सगळी किंमत पतंगने भरली, बाविसाव्या वर्षी, काकाने सांगितलेलं पहिलंवहिलं पूर्ण वाक्य तंतोतंत ऐकून.